पाऊल न ठेवता

रुग्णालयाच्या तळघरात, लिफ्टमधून उतरून डावीकडे वळलं की, एक बाई एक्स-रे काढायच्या. नाव त्यांना होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळं रुग्णालय त्यांना 'हलू नका' म्हणायचं. "हे पाकीट हलू-नकांकडे देऊन ये." "हलू-नका जेवायला बसल्यात का?" दिवसभर बाई ते एकच वाक्य बोलत, मग दुसरं काय होणार? माणसाला टेबलावर निजवायचं, दुखरा हात हवा तसा वळवून ठेवायचा, काचेच्या आड जायचं आणि म्हणायचं, "हलू नका. श्वास घ्या. रोखून धरा." मग यंत्र एकदा घुमायचं आणि बाई म्हणायच्या, "सोडा." पण हे 'सोडा' इतक्या सावकाशीनं यायचं, की तोवर माणूस बिचारा टोमॅटोसारखा लाल झालेला असायचा.

बाई उंच, वाळक्या, पन्नाशीच्या पुढच्या. पट्टी गिळल्यासारखी पाठ. खाली पडलेली पेन्सिल उचलायची तरी गुडघ्यात मोडून सरळ खाली बसायच्या आणि तशाच सरळ उभ्या राहायच्या. हे वडिलांकडून आलेलं. "मोडेन पण वाकणार नाही," असं वडील ऊठसूट म्हणायचे आणि वाकण्याची वेळ आली तेव्हा खरोखरच मोडले. घरात त्यावरून कुणी काही शिकलं असेल, तर ती धाकटी. थोरलीनं ते वाक्य तेवढं उचललं.

धाकटी म्हणजे बाईंची बहीण. डोंगरापलीकडच्या गावात राहायची, नवरा दौऱ्यावर, घरात शिवणयंत्र, दारात कायम कुणीतरी बडबडत बसलेलं. आणि आई? आईबद्दलच तर सगळं आहे.

आई आधी बाईंकडे असायची. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. बाई सकाळी चहा, गोळ्या, डबा सगळं जागच्या जागी मांडून जायच्या आणि संध्याकाळी येऊन बघायच्या, तर सगळं जागच्या जागीच असायचं, आईसकट. मग एकदा धाकटी म्हणाली, "महिनाभर नेते गं तिला. जरा हवापालट." नेली. महिना उलटला, दुसराही उलटला, आई काही येईना. बाई आणायला गेल्या, तेव्हा आई धाकटीच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून जुन्या शर्टांची बटणं तोडून डब्यात टाकत होती आणि कशावरून तरी खो-खो हसत होती. थोरलीला बघून हसू थांबलं. ते थांबलेलं बाईंनी पाहिलं.

"मी इथेच राहते गं," आई म्हणाली. "तुझ्याकडे मी गप्प बसते. इथे बोलते."

बाई धाकटीकडे वळल्या. "तू शिकवलंस हे तिला."

"मी कशाला शिकवू?" धाकटी म्हणाली. तिचंही रक्त तेच. "तू घरातही एक्स-रे काढतेस, ताई. माणसाला हलू म्हणून देत नाहीस."

बाईंनी पिशवी उचलली. दारात वळून म्हणाल्या, "पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही." आणि ताठ मानेनं निघून गेल्या. अशी वाक्यं लोक रोज बोलतात आणि चार दिवसांनी विसरतात. पण ही बाई बोलल्या शब्दाला जागणारी. आली ना पंचाईत!

त्यानंतर राहिला तो रविवारचा फोन. त्याचा प्रकारही ऐकण्यासारखा होता. धाकटी नंबर लावायची, फोन आईसमोर ठेवायची, बोलायची मात्र नाही. पण आईला कमी ऐकू यायचं. फोनमधलं तर अजिबात नाही. मग बाई इकडून म्हणायच्या, "जेवलीस का?" की तिकडे धाकटी आईच्या कानात ओरडायची, "जेवलीस का विचारतेय!" बाई म्हणायच्या, "माझं बरं चाललंय." धाकटी ओरडायची, "बरं चाललंय म्हणतेय तिचं!" दोघी बहिणी एकमेकींशी शब्दानं बोलत नव्हत्या, पण थोरलीचं एकूण एक वाक्य धाकटीच्या तोंडून जात होतं. बाई ते कान देऊन ऐकायच्या. आपलं बोलणं धाकटीच्या आवाजात बरंच मायाळू वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

अशातच एका रविवारी आई म्हणाली, "डोळे चाललेत गं माझे. मधोमध काळं दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं. डॉक्टर म्हणतात, हे थांबायचं नाही. दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा."

धाकटीनं यातलं काहीच ओरडून सांगितलं नाही. ओरडायची गरज नव्हती, बाईंना ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, "बघू." आणि तिकडून ऐकू आलं, "बघू म्हणतेय." इतक्या हळू, की आईनं दोनदा विचारलं, "काय? काय म्हणतेय?"

बाईंना भीती वाटली. सरळ सांगायचं तर अशी भीती त्यांना वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर त्या बसस्थानकावर गेल्या, त्या गावाच्या रांगेत उभ्याही राहिल्या. पण बस काही घराच्या आत नेऊन सोडत नाही. पुढे आपले पाय आलेच, आणि दार आलंच. बस लागली तशी बाई रांगेतून बाहेर पडल्या. मागची माणसं खूश झाली.

सायकलचं दुकान त्या स्थानकाच्या मागच्या रस्त्यावर होतं. बाई तिथून पायी चालल्या होत्या. दुकानात एक गिऱ्हाईक नव्या सायकलवर बसलं होतं. एक हात भिंतीला टेकवलेला, दोन्ही पाय पेडलवर. दुकानदार खाली बसून त्याच्या गुडघ्याचा कोन बघत होता. गिऱ्हाईक आरामात गप्पा मारत होतं. पाय जमिनीला नाहीत, तरी पडत नव्हतं.

बाई फुटपाथवर उभ्या राहून बघत राहिल्या. पाऊल ठेवणार नाही, असं आपण म्हटलं होतं. येणार नाही, असं कुठे म्हटलं होतं?

आता तुम्ही म्हणाल, हा निव्वळ पोरखेळ. असेल. पण मान खाली न घालता आईचं तोंड बघायचं, तर बाईंना दुसरी वाट दिसत नव्हती. त्या आत गेल्या.

"कशाला हवीये सायकल?" सायकलवाल्यानं विचारलं. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. हाताला कायम वंगण आणि तोच हात कपाळाला.

"कामावर जायला-यायला."

"मग ही बघा. सरळ हँडल, पुढे टोपली, आरामात बसायचं."

"आणि थोडं लांब जायला."

"थोडं म्हणजे?"

"पासष्ट किलोमीटर. एका बाजूनं."

सायकलवाल्यानं टोपलीवरचा हात काढला. "थोडं लांब! आमच्या सासूबाई अशाच थोडंसं दुखतंय म्हणायच्या आणि थेट ऑपरेशन निघायचं. कुठल्या रस्त्यानं?"

बाईंनी डोंगरापलीकडचा रस्ता सांगितला.

"मग वारा समोरून. तिथे ताठ बसून भागत नाही बाई, छातीवर वारा घेत बसाल. ही घ्या." त्यानं मागून एक काढली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं. "तीन जागी धरता येतं. वर धरा, गावातून जाताना. इथे ब्रेकच्या मुठींवर धरा, रोजचं. आणि वारा आला, उतार आला, की खाली धरायचं. हात बदलत राहिलं की अवघडत नाही."

तिच्याच शेजारी एक काळी, चकचकीत, कागदासारखी हलकी सायकल होती. बाईंचा हात तिच्याकडे गेला. "ती नको," सायकलवाला म्हणाला. "ती शर्यतीची. तिला डब्याची पिशवी लावायला कॅरिअर बसत नाही, मडगार्ड बसत नाही, आणि टायर एवढासा. खड्डा आला की तुमचे दात तुमच्या हातात. हिचा टायर बोटभर रुंद आहे. कामावरही नेईल आणि डोंगरापलीकडेही नेईल."

मग माप झालं. सायकल बाईंनी शाळेत असताना भाड्यानं घेऊन चालवली होती, तेवढीच. बाई बसल्या, हात भिंतीला. हे मात्र त्यांना लगेच जमलं.

"आता वाका," सायकलवाला म्हणाला.

"वाकलेय."

"याला वाकणं म्हणतात? हा तर विजेचा खांब कलंडलाय! कमरेतून वाका. मान नको, कंबर. आणि कोपरं सैल."

"कमरेचे मणके कुठून वाकतात ते मला ठाऊक आहे. रोज बघते मी."

"बघता ना? मग आता वाकवा."

बाईंच्या तोंडावर असं बोलायची रुग्णालयात कुणाची छाती नव्हती. त्या थोड्या वाकल्या. सायकलवाल्यानं सीट बोटभर पुढे घेतलं, हँडलखालचा दांडा काढून आखूड बसवला, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "आज एवढं पुरे. बाकीचं रस्ता वाकवेल."

पेडलवरून मात्र जुंपली. त्या मघाच्या गिऱ्हाइकाच्या बुटांना तळाशी खटका होता. पेडलवर पाय दाबला की खट्‌ करून अडकायचा, टाच बाहेर वळवली की सुटायचा. बाईंना तसेच हवे होते.

"पहिल्याच सायकलला खटके?" सायकलवाला म्हणाला. "वर्षभर साधे वापरा. घाबरलं की पाय आपोआप खाली येतो."

"तो आपोआप यायला नको आहे मला."

सायकलवाला बघत राहिला. पण गिऱ्हाइकाच्या पुढे शहाणपण चालत नाही. त्यानं खटके बसवले, तसे बूट दिले आणि दारापर्यंत येऊन बजावलं, "आधी टाच वळवायची, मग थांबायचं. आधी! उलटं केलंत की धप्पकन आडव्या. प्रत्येक जण एकदा तरी पडतोच. कुठे पडायचं, तेवढं बघून ठेवा."

दुसऱ्या आठवड्यापासून बाई सायकलनं कामाला येऊ लागल्या आणि तळघरापासून गच्चीपर्यंत एकच बातमी: "हलू-नका हलल्या!" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मुद्दाम खाली येऊन हेल्मेट बघून गेल्या. ओळखीचे रुग्ण टेबलावर निजल्या निजल्या विचारायचे, "बाई, गिअर किती?" बाई म्हणायच्या, "बोलू नका. हलू नका."

त्यांचे हाल मात्र कुत्रा खात नव्हता. मान धरायची. मनगटं बधिर व्हायची. बसायच्या जागेबद्दल तर बोलायलाच नको, दोन दिवस त्या उभ्यानं जेवल्या. चढावर त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून पेडल मारतो आहोत. जन्मभर लोकांना रोखायला लावलेला श्वास! "सोडा," बाई स्वतःलाच म्हणाल्या. "सोडा, सोडा." शेजारून जाणारा दूधवाला दचकला.

संध्याकाळी रुग्णालयाच्या कुंपणाच्या भिंतीशी त्या वेगळाच सराव करायच्या. सावकाश यायचं, भिंतीला हात टेकवायचा आणि पाय न काढता तसंच बसून राहायचं. पहारेकऱ्यानं दोन-तीनदा विचारलं, "कुणाची वाट बघताय का, बाई?"

"नाही."

"मग उतरा की."

"नाही उतरायचं."

पहारेकरी आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. मोठ्या माणसांच्या भानगडीत कशाला पडा?

रविवारी सायकलचं अंतर वाढत गेलं. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत, मग वीटभट्ट्यांपर्यंत, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत. फोन यायच्या आत घरी पोचायचं. असंच एकदा घामानं निथळत त्या फोनशी बसल्या आणि आई म्हणाली, "कधीची म्हणतेय, येतेस का?"

"येते," बाई म्हणाल्या.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग धाकटी ओरडली, "येते म्हणतेय!" आणि लगेच, हळू आवाजात, "कधी?"

हे 'कधी' आईनं विचारलं नव्हतं. बाईंना ते कळलं. पण त्यांनी फोन ठेवून दिला आणि मग कितीतरी वेळ स्वतःवर चरफडत बसल्या.

पुढच्या सुट्टीला बाई उजाडताच निघाल्या. कॅरिअरला डबा, पाणी, हवा भरायचा पंप. वीटभट्ट्या मागे पडल्या, पायथा आला, चढ सुरू झाला. चढ त्यांनी उतरून, हातात सायकल धरून चालत काढला. तिथे पाऊल ठेवायला काही बंदी नव्हती. घाटमाथ्यावर डबा खाल्ला. पलीकडे उतरल्यावर मात्र सायकलवाल्यानं सांगितलेला वारा भेटला. झाड नाही, घर नाही, सरळ रस्ता आणि समोरून वारा. बाई ताठ बसून पेडल मारत राहिल्या. मैलाचा दगड काही केल्या जवळ येईना. छाती भरून आली. आता परत फिरावं, असं त्यांच्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं. आई आपल्याला बघून पुन्हा हसायची थांबली तर? की काळ्या डागामागे आपला चेहरा तिला सापडलाच नाही तर?

मग त्यांनी हात खाली नेले, शिंगांच्या तळाशी, आणि वाकल्या. हनुवटी हँडलपर्यंत गेली. वारा पाठीवरून निघून गेला. सायकल पळायला लागली. इतकं सोपं होतं हे? बाईंना वडिलांचा फार राग आला.

धाकटीचं घर गल्लीत, तळमजल्यावर. दाराशी एकच बुटकी पायरी, वर लाकडी उंबरठा. गल्ली दुपारची रिकामी होती. बाई सावकाश आल्या, भिंतीला उजवा हात लावला, अगदी कुंपणाशी करायच्या तशा. पाय पेडलमध्ये पक्के. जमलं! खिडकी मात्र ऊन म्हणून बंद होती आणि बेल दाराच्या पलीकडच्या अंगाला होती. बाई हातभर पुढे सरकल्या, तळहात दारावर टेकवला आणि त्याच हातानं दोनदा थाप मारली.

आतून पावलं वाजली. बाई वाक्य जुळवत होत्या. 'मी पाऊल ठेवलेलं नाही. आईला म्हणावं, खिडकी उघड.' असंच म्हणायचं, एवढंच म्हणायचं. सगळं बरोबर बेतलं होतं. भिंती मात्र उघडत नाहीत आणि दारं उघडतात, आणि तीही आतल्या बाजूला, हे एवढं वाक्याच्या नादात राहून गेलं.

धाकटीनं कडी काढून दार ओढलं, आणि तिची थोरली बहीण हेल्मेटसकट घरात कोसळली.

अर्धी बाई आत, अर्धी बाहेर. खांदा उंबरठ्यावर आपटला होता आणि काहीतरी काडकन वाजलं होतं. बाईंनी डाव्या हातानं गळ्याजवळ चाचपून बघितलं. त्यांना फोटोची गरज नव्हती. गळपट्टीचं हाड, मधोमध. त्या उठायला गेल्या.

"हलू नकोस!" धाकटी ओरडली. "ताई, हलू नकोस!"

बाई हलल्या नाहीत. धाकटी गुडघ्यांवर बसली, हेल्मेटचा पट्टा काढला, डोक्याखाली आपला हात घातला. दोन वर्षांनी ती बहिणीच्या चेहऱ्याकडे एवढ्या जवळून बघत होती. वाऱ्यानं लाल झालेला, धुळीनं माखलेला चेहरा.

"पाऊल नाही ठेवलं मी," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बघ ना. नाही ठेवलेलं."

धाकटीनं बघितलं. सायकल पायरीवर आडवी पडली होती आणि बाईंचे दोन्ही बूट अजून पेडलमध्ये घट्ट अडकलेले. एवढी आपटली, हाड मोडलं, पण पाय सुटला नव्हता. धाकटीला सगळं कळायला एक क्षण लागला. तीही त्याच बापाची लेक.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "डोंगर ओलांडून सायकलवर आलीस, ती एवढ्यासाठी? अगं, मी कधीच विसरले होते ते."

"मी नव्हते विसरले."

धाकटी उठली नाही. बसल्या बसल्या सरकत पायांकडे गेली. खटका कसा सोडायचा, तिला कुठे ठाऊक? तिनं वरच्या बुटाचे पट्टेच ओढून काढले. बूट पेडलला तसाच राहिला आणि पाय मोकळा झाला, घामानं भिजलेल्या मोज्यातला. धाकटीनं तो दोन्ही हातांत धरला, उचलला आणि उंबरठ्याच्या आत, फरशीवर अलगद टेकवला.

"तू नाही ठेवलंस," ती म्हणाली. "मी ठेवलं."

बाई रडायला लागल्या. खांदा हलत होता, दुखत होतं, तरी थांबेनात.

खिडकीजवळून आईनं मान वळवली. तिच्या हातात बटणांचा डबा होता. दाराकडे तोंड तिरकं करून, कडेच्या नजरेनं ती बघायला लागली. "कोण आहे गं? दारात काय उभं ठेवलंयस? आत घे."

"ताई आहे!" धाकटी ओरडली, रविवारच्यासारखीच. रडू आणि हसू दोन्ही आल्यानं तिचा आवाज फाटला. "उभी नाहीये आई, आडवी आहे! आणि आत घेतलीये!"

"बरं झालं," आई म्हणाली. "मग आता दार लाव. वारा येतोय."

दार काही लागण्यासारखं नव्हतं. मध्ये सायकल होती.